पोरगं असं का वागतंय? मुलांचा ताण आणि अवघड भावना: सोलापुरातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरातल्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. पालकसभा संपून बाकं रिकामी झाली की दोन-तीन आया मागे रेंगाळतात. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत एखादी म्हणते, "मॅडम, एक विचारायचं होतं." खालचे बहुतेक प्रश्न असे मागे थांबून विचारलेले आहेत. शेवटचे काही मुलांनीच विचारलेत. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. मूल आदळआपट करतं, गप्प होतं, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं, पोट धरून झोपतं, तेव्हा ते आपल्या परीनं ताणावर उपायच करत असतं. तो उपाय चुकीचा असेल, पण त्या घडीला त्याच्याकडे तेवढाच असतो. तो काढून घ्यायच्या आधी दुसरा काहीतरी त्याच्या हातात ठेवावा लागतो.

एवढ्याशा पोरांना कसलं आलंय टेन्शन? आमच्या वेळी होतं का असं काही?

होतं. त्याला टेन्शन म्हणत नव्हते इतकंच. भरलेली घागर तुम्ही सहज कमरेवर घेऊन चालता. तीच सात वर्षांच्या पोरीला दिली तर ती चार पावलांत सांडते. घागर तीच असते. ताणाचंही तसंच आहे. बाईंनी सगळ्या वर्गासमोर वही फडकवून दाखवली, घरात धाकटं बाळ आलं, आजी गावाला निघून गेली, यातलं आपल्याला काहीच मोठं वाटत नाही, पण पेलणाऱ्याचं वय बघा.

रोजचा ताण म्हणजे आजार नव्हे. परीक्षेआधी धडधडणं, भांडण झाल्यावर रडणं हे वाढण्याचाच भाग आहे. पण सगळंच "वयात आलंय, होईल नीट" म्हणून सोडूनही देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात १० ते १९ वर्षांच्या दर ७ मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत मदत पोचत नाही.

ताण आला की शरीरात नेमकं काय होतं?

धोका दिसला की मेंदू घंटा वाजवतो. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात येतात, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पोटाचं काम मंदावतं. शरीर लढायला, पळायला किंवा जागच्या जागी गोठायला तयार होतं. अंगावर कुत्रं धावून आलं तर हे उपयोगाचं आहे. पण फळ्यासमोर उभं केल्यावरही हीच घंटा वाजते, आणि मग पाठ केलेला सातचा पाढा आठवत नाही.

ही घंटा शांत करणारा, आगापिछा बघणारा मेंदूचा भाग कपाळाच्या मागे असतो आणि तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून भडकलेल्या मुलाला त्याच क्षणी समजावून सांगितलेलं पोचत नाही. आधी शरीर शांत व्हायला हवं. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाची गती उतरते: चार आकडे आत, सहा ते आठ आकडे बाहेर. लहान मुलाला आकडे नकोत. "गरम दुधावर फुंकर घाल" म्हटलं की त्याला बरोबर कळतं. मात्र हे मूल हसत असताना, खेळताना शिकवा. रडण्याच्या भरात पहिल्यांदा सांगितलं तर ते तुमच्यावरच चिडेल.

रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. नाटक आहे का?

डॉक्टरांना दाखवलंत हे बरोबर केलंत, ते आधी करायलाच हवं. पण "काही नाही" याचा अर्थ "दुखत नाही" असा होत नाही. मेंदू आणि आतडी एकमेकांना नसांनी जोडलेली आहेत, भीतीनं पोट खरंच दुखतं. लहान मुलांना "मला भीती वाटते" म्हणता येत नाही, म्हणून त्यांचं पोट बोलतं.

पाचवीतल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली होती. मी तिला म्हटलं, दुखेल त्या दिवशी कॅलेंडरवर पेनानं फुली मारा. तीन आठवड्यांनी ती कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आली. फुल्या सोमवारी नव्हत्या, गणिताच्या दिवशीही नव्हत्या. मग तिनंच बोट ठेवून सांगितलं, "मॅडम, हे सगळे नळाला पाणी यायचे दिवस आहेत." आपल्याकडे पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. त्या दिवशी घरात पहाटेपासून धावपळ, मोटार, हंडे, आरडाओरडा. पोरगा भरायला मदत करायचा, शाळेत उशिरा पोचायचा, आणि उशीर झालेल्यांना वर्गाबाहेर उभं करत होते. येणारी-जाणारी सगळी बघायची. त्याचं पोट त्या दाराशी उभं राहायला घाबरत होतं.

उपाय साधा निघाला. आदल्या रात्री दप्तर आणि गणवेश काढून ठेवायचा, पाणी काकानं भरायचं, आणि वर्गशिक्षिकेशी जाऊन बोलायचं. आई बोलायला घाबरत होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, हे तिला माहीत नव्हतं. ते मनात ठेवून पण भांडण न करता ती बोलली. फुल्या कमी होत गेल्या.

एक मात्र सांभाळा. पोट दुखलं म्हणून दर वेळी घरी ठेवलं तर त्या दिवसापुरतं सगळ्यांना हायसं वाटतं, पण टाळलेली भीती दुसऱ्या दिवशी थोडी मोठी होऊन भेटते. अर्धा दिवस चालेल, पहिले दोन तास चालतील, फाटकापर्यंत आईनं सोडलेलं चालेल. जाणं मात्र सुटू देऊ नका. आणि कारण शोधताना शाळेतलं स्वच्छतागृह, रिक्षातली मोठी मुलं आणि शिकवणीची जागा या तीन गोष्टी जरूर विचारा. मोठ्यांच्या डोक्यात त्या सहसा येत नाहीत.

मुलं आपली आपण कशी सावरतात?

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या. एक, प्रश्नालाच हात घालायचा. दुसरी, प्रश्न हलत नसेल तर मनाला सांभाळायचं. गणित कळत नसेल तर बाईंना विचारणं ही पहिली वाट. आजोबा आजारी असतील तर मूल त्यांना बरं करू शकत नाही, तिथे दुसरी वाट: आजोबांच्या पायाशी बसणं, चित्र काढणं, मित्राकडे जाऊन तासभर क्रिकेट खेळणं. आपण मोठी माणसं बऱ्याचदा उलटं करतो. जिथं मदत हवी तिथं "मनाला लावून घेऊ नको" म्हणतो, आणि जिथं कुणाच्याच हातात काही नाही तिथं उपदेश करतो.

वय वाढतं तसे उपाय बदलतात. चार वर्षांचं मूल पळत येऊन मांडीत तोंड लपवतं. नऊ वर्षांचं मूल मनातल्या मनात दुसरा विचार करायला शिकलेलं असतं. चौदाव्या वर्षी "हे वर्ष निघून जाईल" असं स्वतःला सांगता येतं, आणि तीच गोष्ट रात्रभर मनात घोळवत बसणंही जमू लागतं. हे घोळवणं फार थकवतं.

माझा अनुभव असा की मुलाकडे पाच-सहा उपाय असतील, त्यातले दोन आपल्याला न आवडणारे असले, तरी फार घाबरू नये. काळजी तेव्हा करावी जेव्हा एकच उपाय उरतो. फक्त झोप. फक्त मोबाईल. फक्त आदळआपट.

मुलगा आहे, तरी रडतो. रडू द्यावं का?

द्यावं. "पोरीसारखा रडतोस काय" हे वाक्य घरातून काढून टाका, ते पोरींचाही अपमान करतं. रडू दाबायला शिकलेल्या मुलाकडे पुढे रागाशिवाय दुसरं काही उरत नाही.

नववीतली मुलगी काही बोलतच नाही. "काय झालं?" विचारलं की "काही नाही". काय करू?

समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारलेला प्रश्न या वयात चौकशीसारखा वाटतो. शेजारी बसा, हातात काम असू द्या.

एका मुलीची आई विडी कामगार होती. तिला मी म्हटलं, आठवडाभर काहीच विचारू नका. तुमच्या कामाच्या वेळी ती आसपास राहील एवढंच बघा आणि तुमच्याच दिवसातलं काहीतरी बोला. आई दाराजवळ मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, पान कातरायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायची. मुलगी तंबाखूच्या धुळीपासून लांब, उंबऱ्यापलीकडे शेंगा फोडत बसायची. पाचव्या दिवशी शेंगांकडे बघतच ती म्हणाली, "वर्गात मला काळी म्हणतात. ग्रुपवर पण." आई नंतर मला म्हणाली, "हात थांबत होता मॅडम, पण मी थांबवला नाही. वर बघितलं असतं तर ती उठून गेली असती." आईनं विडीला दोरा बांधला आणि फक्त विचारलं, "कधीपासून?" मुलगी पाऊण तास बोलली.

त्या पाऊण तासात आईनं सल्ला दिला नाही. पहिल्यांदा बोलणाऱ्या मुलाला सल्ला मिळाला की त्याला वाटतं, विषय संपवला. "मग तू काय केलंस?" "तेव्हा कसं वाटलं?" एवढं पुरतं. शाळेत जाऊन बोलायचं का, हे मुलीला विचारूनच ठरवा, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

आमच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी. भावना कुठल्या भाषेत विचारायच्या?

जिच्यात मूल झोपेत बोलतं तिच्यात. हा प्रश्न अशोक चौकाकडच्या घरांतून येतो, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी कुटुंबंही विचारतात, उर्दू बोलणारीही. सोलापूरच्या मुलांकडे दोन-तीन भाषा असतात ही श्रीमंती आहे. घरात ज्याला तेलुगूत 'दिगुलु' (काळजी) म्हणतात किंवा कन्नडमध्ये 'बेजारु' (उदास वाटणं) म्हणतात ते त्याच शब्दानं विचारा. मराठीत सांगायचं म्हणून मूल "टेन्शन" म्हणून मोकळं होतं, आणि त्या एका शब्दाखाली काय दडलंय ते कुणालाच कळत नाही.

मराठी घरांनाही माझी हीच विनंती आहे. आपल्या भाषेत किती बारीक शब्द आहेत बघा: हुरहूर, धास्ती, रुखरुख, चुटपुट, घुसमट, कानकोंडं होणं, हिरमुसणं, खट्टू होणं. आईची वाट बघताना होते ती हुरहूर. मित्राला उगाच बोललो, याची लागते ती रुखरुख. सगळे हसतात आणि कुठे बघावं कळत नाही, तेव्हा होतं ते कानकोंडं. भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो, हे मेंदूच्या अभ्यासातूनही दिसलं आहे. दुसरीतल्या मुलाला मी विचारलं, "राग आलाय की हिरमुसलायस?" तो विचारात पडला आणि म्हणाला, "हिरमुसलो." मग तो रडला, आणि वस्तू फेकायचं थांबलं.

मोबाईल काढून घेऊ का?

आधी तो काय काम करतोय ते बघा. एखादी मुलगी मैत्रिणीशी बोलून मन हलकं करते, एखादा मुलगा घरातलं भांडण ऐकू येऊ नये म्हणून कानात हेडफोन घालतो. अशा मुलाचा मोबाईल काढलात तर त्याच्याकडे भांडण तेवढं उरेल.

रात्रीच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि झोप उशिरा येते, त्यात हातात मोबाईल असला की एक कधी वाजतो कळत नाही. झोप कमी झालेलं मूल चिडकं आणि रडकं होतं, आणि आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. रात्री सगळ्यांचे मोबाईल, आईबाबांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवा. फक्त मुलाचा ठेवलात तर ती शिक्षा होते.

दहावी, बारावी, नीट. मुलगा लातूरला ठेवलाय, फोनवर "ठीक आहे" म्हणतो.

"किती मार्क पडले?" हा फोनवरचा पहिला प्रश्न असतो का, ते आठवून बघा. घर सोडून, तीन जणांच्या खोलीत, दर आठवड्याच्या चाचणीत आपला नंबर भिंतीवर लागलेला बघणारं ते सतरा वर्षांचं पोरगं आहे. गावात पहिला येणारा तिथं चाळिसावा येतो. त्याला "ठीक आहे" म्हणावंच लागतं, कारण फीसाठी काय विकलं हे त्याला माहीत असतं.

आधी जेवणाचं विचारा, खोलीतल्या मुलांचं विचारा. घरचं सांगा: गाय व्याली, ताईचं बाळ रांगायला लागलं. आणि एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगा, "नाही जमलं तर परत ये, घर तुझंच आहे. पैशाचं मी बघेन." मनात असलं तरी मुलापर्यंत ते आपोआप पोचत नाही, तोंडानं म्हणावं लागतं. दहावी-बारावीत नापास झालेल्यांसाठी राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते, हेही निकालाच्या आधीच घरात बोलून ठेवा. निकालाच्या दिवशी मुलाला एकटं ठेवू नका.

राग आला की वस्तू फेकतो, दार आपटतो.

त्या क्षणी आवाज चढवू नका, कमी बोला, थोडं अंतर ठेवा. "राग आलेला चालेल, फेकलेलं चालणार नाही." एवढं वाक्य बास. तासाभरानं, दोघंही थंड झाल्यावर, पडलेलं त्याच्याबरोबर उचला आणि तेव्हा बोला. राग बाहेर जायला वाट हवी: मैदान, धावणं, कणीक तिंबणं, पाणी उपसणं. किशोरवयातली उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसते, हेही ध्यानात असू द्या. दोन आठवड्यांहून जास्त सतत चिडलेलं, खेळातलं मन उडालेलं मूल आतून दुःखी असू शकतं.

गड्ड्याच्या यात्रेत घाबरली, तेव्हापासून कुठल्याही आवाजाला कानावर हात ठेवते.

सहा वर्षांची मुलगी, संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतली होम मैदानावरची गर्दी, शोभेच्या दारूकामाचा आवाज. घाबरणारच. नंतर कुकरच्या शिट्टीलाही ती पळायला लागली. अशा वेळी "काय घाबरायचं त्यात" म्हणून जबरदस्तीनं आवाजाजवळ नेऊ नका आणि घरातून सगळे आवाज बंदही करू नका. पायऱ्या करा. आधी तिला त्या रात्रीचं चित्र काढू द्या. मग कागदी पिशवी तिनं स्वतः फुगवून फोडायची. आवाज तिच्या हातात असला की तो कमी भीतीदायक होतो. मग कुकरची शिट्टी बाहेरच्या खोलीतून ऐकायची, मग स्वयंपाकघराच्या दारातून, तुमचा हात धरून. पुढच्या संक्रांतीला यात्रेतल्या नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक लांबच्या गच्चीवरून बघा, मग जवळून. एका पायरीवर महिना लागला तरी लागू द्या.

घरातच ताण आहे. कारखाना बंद, नवरा पितो. मुलांना काय सांगायचं?

खरं, पण त्यांच्या वयाला पेलेल इतकंच. "बाबांचं काम सुटलंय. थोडे दिवस ओढाताण होईल. जेवण आणि शाळा चालू राहील. यात तुझी काही चूक नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. मुलांना काही सांगितलं नाही तर ती भिंतीआडून अर्धवट ऐकतात आणि उरलेलं स्वतःवर घेतात: मी बूट मागितले म्हणून भांडण झालं.

मोठ्या मुलीला मैत्रीण समजून सगळं दुःख तिच्यापाशी ओतू नका. ते तुमच्या बहिणीला सांगा, जावेला सांगा, मला सांगा. बारा वर्षांच्या पोरीला आई सांभाळावी लागली की तिचं स्वतःचं रडायचं राहून जातं.

अशा घरातली मुलं बिघडतातच, असं मात्र समजू नका. हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसन असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, मायाळू, कामाची माणसं झाली. त्यांच्यात सारखं काय होतं, तर जीव लावणारं निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आई, आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. ते एक माणूस तुम्ही असू शकता.

नवरा मारत असेल तर प्रश्न वेगळा आहे. तिथे मुलांना समजावत बसू नका. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा आणि मदत घ्या.

घरात मृत्यू झाला. मुलाला सांगावं का?

सांगावं, साध्या शब्दांत. "आजी देवाघरी गेली" म्हटल्यावर चार वर्षांचं मूल "कधी येणार?" विचारतं, आणि "झोपली" म्हटलं तर ते झोपायलाच घाबरतं. "आजी वारली. तिचं शरीर बंद पडलं. ती आता परत येणार नाही. आपल्याला तिची आठवण येत राहील." मूल पाच मिनिटं रडेल आणि खेळायला जाईल. त्याला दुःख नाही असं समजू नका, मुलं दुःख घोटाघोटानं घेतात. दहाव्याला, तेराव्याला त्याला यायचं असेल तर काय दिसेल ते आधी सांगून सोबत न्या.

नजर काढली, अंगारा लावला. चुकलं का?

नाही. आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, डोक्यावरून हात फिरवला, सिद्धेश्वराला नेऊन आणलं, त्यानं मुलाला "माझी काळजी करणारी माणसं आहेत" हे कळतं. पण त्यावर थांबू नका. कुणी मुलाला उपाशी ठेवायला, मारायला, चटका द्यायला सांगत असेल तर तिथून उठून या.

"मला जगायचं नाही" म्हणाली. हातावर जखमा दिसल्या. धमकी आहे का?

धमकी समजू नका. कधीच नाही. रागात म्हटलेलं असो की चिठ्ठीत लिहिलेलं. शांतपणे सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं असे विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना हलकं वाटतं. ती "हो" म्हणाली तर रडू नका, शपथा घालू नका, रागावू नका. "सांगितलंस हे बरं केलंस. मी तुझ्यापाशी आहे" म्हणा. त्या दिवशी तिला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं कुलपात घाला, किंवा घराबाहेर दुसऱ्याकडे ठेवा. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

स्वतःला जखमा करणारी सगळीच मुलं मरू इच्छित नाहीत. पुष्कळ जण आतलं असह्य झालेलं थोडा वेळ थांबवायला तसं करतात. पण हा उपाय सोडवायला तज्ज्ञ माणूस लागतो. हातावरचे व्रण बघून ओरडलात तर ती लांब बाह्या घालायला लागेल.

पोलीस केसच्या भीतीनं लोक दवाखान्यात नेत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिच्यावर खटला भरत नाहीत. उशीर करू नका.

सोलापुरात कुठे जायचं? गोळ्यांची सवय लागते का?

सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. जायला जमत नसेल किंवा रात्रीचे दोन वाजले असतील तर १४४१६ ला फोन करा. मानसिक त्रासासाठीची ही सरकारी टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीसह कन्नड, तेलुगू, उर्दूतही बोलता येतं. मुलाला कुणी मारत असेल, अंगाशी लगट करत असेल, तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं.

प्रत्येक मुलाला गोळ्या लागत नाहीत, बहुतेकांना बोलणं आणि घरातले बदल पुरतात. उदासीवर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या मनानं सुरू किंवा बंद करायच्या नसतात. "लोक काय म्हणतील" याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: ताप आल्यावर आपण लोकांना विचारून दवाखान्यात जात नाही.

(इथून पुढचे प्रश्न मुलांचे.)

आईबाबांना सांगितलं तर ते माझ्यावरच चिडतील.

चिडू शकतात. घाबरलेली मोठी माणसं पहिल्यांदा चिडतात. म्हणून सुरुवात अशी कर: "मला काहीतरी सांगायचंय. आधी पूर्ण ऐक, मग बोल." तोंडानं जमत नसेल तर कागदावर लिहून उशीखाली ठेव. त्यांनी ऐकलं नाही तर तिथे थांबू नको. मामा, अक्का, आवडत्या बाई, शेजारच्या काकू, जो तुझं ऐकतो त्याच्याकडे जा. तोही नाही तर तिसऱ्याकडे. एकानं ऐकलं नाही म्हणजे तुझं दुखणं खोटं ठरत नाही.

मित्र "काय बे, रडका" म्हणतात. म्हणून मी हसण्यावारी नेतो.

वर्गात हसून वेळ निभावलीस, ठीक आहे, तो तुझा उपाय आहे. पण घरी गेल्यावरही हसतोस का? एक असा मित्र शोध ज्याच्यापुढे हसावं लागत नाही. कंबर तलावाला दोघं एक फेरी मारा, चालता चालता बोलणं सोपं जातं. फक्त तेच ते रोज उगाळू नका. थोडं बोला आणि मग काहीतरी खेळा.

मैत्रिणीनं मला शपथ घालून सांगितलंय की तिला मरावंसं वाटतं. शपथ मोडू का?

मोड. आजच. ती तुझ्यावर चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही, आणि तुला वाईट वाटेल. तरी मोड. तिला म्हण, "तू मला हवी आहेस म्हणून मी सांगणार आहे," आणि शक्य असेल तर तिचा हात धरून दोघी मिळून बाईंकडे जा. ती आली नाही तर तू एकटी जा. शाळा सुटली असेल तर तुझ्या आईला सांग, तिच्या आईला फोन करायला लाव. कुणीच भेटलं नाही तर १४४१६ लाव आणि म्हण, "माझ्या मैत्रिणीबद्दल बोलायचंय." पुढचं काय करायचं ते पलीकडचं माणूस तुला सांगेल. तेवढा वेळ तिच्याबरोबर राहा.